बोरगावकरांचं मापातलं बटण

हेमचंद्र बोरगावकर यांच्या शर्टाच्या खिशात चारचौघांसारखं पेन नसे, स्टीलची पट्टी असे. हिंदी मुलखातल्या एका शहरात तोफा बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निरोपसमारंभात खांद्यावर घातलेली शाल त्यांनी स्टेजवरच उलगडून दोन्ही टोकांची रुंदी सारखी आहे की नाही ते पाहिलं होतं, असं त्यांच्या पत्नी पद्मजाबाई सांगत, आणि पद्मजाबाई उगाच काही सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. कागदावर जे माप तेच वस्तूवर उतरलं पाहिजे, एवढा एकच धर्म हेमचंद्रांनी मनापासून पाळला. बाकीचा धर्म पद्मजाबाई बघत.

असा माणूस निवृत्तीनंतर मोबाइलचं अ‍ॅप बनवायला बसला, तेव्हा विजय नगरातल्या शेजाऱ्यांना वाटलं, आता हे धंद्यात उतरणार. एकानं तर भागीदारीचं विचारूनही पाहिलं. पण त्यात धंदा नव्हता आणि हौसही नव्हती. कारण होतं बेबीताईंचं.

बेबीताई म्हणजे हेमचंद्रांची थोरली बहीण. पंचाहत्तरी उलटलेली, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जुन्या शहरात कमानिया गेटजवळच्या गल्लीत, तुळशीराम बांगडीवाल्याच्या दुकानावरच्या माडीत त्या एकट्या राहत. गेल्या थंडीत त्या पहाटे न्हाणीत घसरल्या आणि त्यांना उठता येईना. खालचं दुकान उघडेपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिल्या. तुळशीरामनं रोजच्यासारखा वर चहा पाठवला, तेव्हा कुठे कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण हेमचंद्र दवाखान्यात पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "हाका मारून मारून थकली रे हेमू. मग म्हटलं, काहून ओरडून राहिली मी, ऐकणार कोण?"

हे वाक्य हेमचंद्रांच्या मनातून जाईना. जेवताना घास तोंडाशी नेला की आठवे. त्यांनी ताईंना विजय नगरात राहायला यायची गळ घातली. ताई म्हणाल्या, "तुमच्याकडे लोक दारं लावून बसतात. तिथं पडली तर चहासुद्धा येणार नाही." आणि त्या वेळीसुद्धा हेमचंद्रांच्या घराचं दार लावलेलंच होतं.

तेव्हा त्यांनी अ‍ॅप करायचं ठरवलं. फोनवर एक बटण, त्यावर 'मी ठीक आहे' ही अक्षरं. ताईंनी सकाळी उठून ते दाबायचं. नऊ वाजेपर्यंत दाबलं गेलं नाही, तर हेमचंद्रांच्या फोनची घंटा वाजायची. लॅपटॉपवर व्हिडिओ बघून, आणि बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मुलीला, अवंतिकाला, वेळीअवेळी फोन करून त्यांनी ही विद्या पैदा केली. एवढ्यावर राहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण एका सकाळी फिरायला गेले असताना त्यांनी ही गोष्ट शशिकांतरावांना सांगितली.

शशिकांतराव म्हणजे मराठी स्नेहवर्धक मंडळाचे अध्यक्ष. कुठलीही चांगली गोष्ट एकट्या माणसाच्या हातून झालेली त्यांना बघवत नसे, ती मंडळाच्या हातूनच व्हावी लागे. "बोरगावकरजी," ते तिथंच थांबून म्हणाले, "आपले निम्मे मेंबर एकटे राहून राहिले. मुलं पुण्याला, बंगलोरला. हे अ‍ॅप मंडळाचं झालं पाहिजे. चलो, रविवारी बैठक." हेमचंद्र हुरळले. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून त्यांचं ड्रॉइंग कुणी मागितलं नव्हतं.

बैठकीत त्यांनी ट्रेसिंग पेपरवर फोनचा पडदा एकास एक मापात काढून आणला होता. मधोमध गोल बटण. कार्यकारिणीनं तो कागद हातोहात फिरवला आणि सर्वांना त्यात भयंकर मोकळी जागा दिसली. कुणी म्हणालं, आरंभी श्री हवा. श्रीला विरोध कोण करणार? श्रीखाली मंडळाचं संपूर्ण नाव आलं, नावाखाली स्थापनेचा शुभ शक. मग शशिकांतरावांनी संकोचत सुचवलं, की मेंबरांना विश्वास वाटावा म्हणून अध्यक्षांचा एक फोटो असावा, लहानसाच, गोल. राहता राहिलं बटण. ते कुठे घ्यायचं यावर कसलाच वाद झाला नाही. लग्नपत्रिका असो, अर्ज असो, वर देव, मग वडीलधारे, मग मजकूर आणि सर्वांत खाली सही करणाऱ्याचं नाव, ही आपली रीत. 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस एका अर्थी सहीच करतो आहे. हेमचंद्रांनाही ते पटलं. कारखान्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर सहीची चौकट खाली उजवीकडेच असे. बटण खाली गेलं. सर्वांनी कागदावर सह्या केल्या, मंडळाचा शिक्का बसला, आणि नंतर कचोऱ्या झाल्या.

मंजूर ड्रॉइंगप्रमाणे अ‍ॅप तयार करून हेमचंद्र पट्टी घेऊन तपासणीला निघाले, घरोघर. पहिलं घर शशिकांतरावांचं. त्यांचा फोन अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेला, नवाकोरा, पडदा आरशासारखा. त्यावर बटण उमटलं ते मसुराच्या डाळीएवढं. हेमचंद्रांनी पट्टी लावली, चष्मा पुसला, पुन्हा पट्टी लावली आणि कारखान्यात ज्या आवाजात सांगत त्याच आवाजात सांगितलं, "फोन मापात नाही."

"म्हणजे?" शशिकांतराव उठून उभेच राहिले.

"ड्रॉइंग बरोबर आहे. तुमचा पीस सदोष आहे. बदलून मागा."

त्याच दिवशी त्यांनी आणखी काही फोन नापास केले. एका जुन्या फोनवर बटण डब्याच्या झाकणाएवढं झालं होतं आणि त्याच्यामुळे शुभ शकाचा चुराडा झाला होता. नापास फोनच्या पाठीवर त्यांनी चिकटपट्टी लावून 'अमान्य' असं लिहिलं. लोक चिडले नाहीत, घाबरले. हातातला फोन आतून बिघडलेला आहे ही शंका वाईटच. एकानं तर तो उशाशी ठेवणं बंद केलं.

संध्याकाळी अवंतिकाचा फोन आला. तिला मराठी सगळं समजे, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदी लागे. "बाबा, बटण तुम्ही मिलिमीटरमध्ये टाकलं की ठिपक्यांमध्ये?"

"एका फोनवर मोजून बघितलं. एका मिलिमीटरात जितके ठिपके बसतात तितके धरून सगळीकडे टाकले. हिशोब चोख आहे."

"अरे बाबा, हर फोन के ठिपके अलग असतात ना! महागड्या पडद्यावर ते बारीक असतात, खूप दाटून बसवलेले. जुन्यावर मोठे मोठे. ठिपके गिनोगे तो बटण सगळीकडे वेगळं दिसेल."

फोन स्पीकरवर होता. भाजी निवडता निवडता पद्मजाबाई म्हणाल्या, "म्हणजे रांगोळीसारखंच झालं. ठिपके तितकेच, पण जवळ जवळ मांडले की रांगोळी लहान निघते."

ज्या माणसानं तोफेच्या सुट्या भागात केसाएवढी चूक खपवून घेतली नाही, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात हे ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते घरोघर हिंडून 'अमान्य'च्या चिकटपट्ट्या काढत होते. शशिकांतरावांनी चिकटपट्टी काढू दिली, पण म्हणाले, "मुलाला मी कळवून टाकलं ना. म्हटलं, बापाला खराब माल पाठवतोस? कालपासून बोलून नाही राहिला तो."

अवंतिकानं शिकवलं तसं हेमचंद्रांनी माप बदललं. पडदा कितीही दाट असो, बटण बोटाला सारखंच लागेल असं केलं. मग इंटरनेटवरच्या ज्या दुकानात अ‍ॅप मांडायचं, तिथून कळलं की टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर ते कसं दिसतं याचीही चित्रं हवीत. मंडळात टॅबलेट कुणाकडेच नव्हता. शेवटी एका दंतवैद्यांकडे सापडला, आणि चित्रं काढायला हेमचंद्रांना त्यांच्या खुर्चीत आ वासून बसावं लागलं, कारण वैद्यांनी तीच अट घातली होती. टॅबलेटवर बटण बरोबर आलं. एक दाढ मात्र गेली.

शेवटी अ‍ॅप लागू करायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी हेमचंद्र स्वतः बेबीताईंकडे गेले. ताईंचा फोन ओमतीच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतलेला, तळहातात मावेल एवढा. त्यांनी अ‍ॅप चढवलं, पट्टी लावली, माप चोख निघालं. "रोज उठलीस की हे उघडायचं आणि दाबायचं," ते म्हणाले. "बस, एवढंच."

"एवढंच?" ताई म्हणाल्या. "मग तू इतके दिवस काय करून राहिला होतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घंटा वाजली. ती फक्त हेमचंद्रांच्या फोनवर वाजली नाही. बैठकीत ठराव झाला होता, की सूचना सर्व पदाधिकाऱ्यांना एकाच वेळी जावी. त्यामुळे सगळं मंडळ एकदम उभं राहिलं. बाकीच्या सगळ्यांचे 'ठीक आहे' आले होते. नाव एकच राहिलं होतं, बेबीताईंचं.

हेमचंद्रांनी स्कूटर कशी काढली हे त्यांना नंतर आठवेना. पट्टी खिशात टोचत होती आणि डोळ्यांसमोर ओली फरशी. कमानिया गेटशी गर्दीत स्कूटर अडली, तेव्हा ती तिथंच टाकून ते धावत सुटले. गल्लीत पोचतात तो शशिकांतराव आणि पदाधिकारी ऑटोतून उतरत होते.

तुळशीराम दुकान झाडत होता. "क्या हुआ भैया? अम्मा तो अभी पानी भर रही थीं, हमने देखा."

"अ‍ॅप पर नहीं आया," शशिकांतराव गंभीरपणे म्हणाले, आणि जिना चढू लागले.

दाराला आतून कडी होती. हेमचंद्रांनी हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. मग आतून ठक ठक असा आवाज आला, धातूवर धातू आपटल्यासारखा. थांबला, आणि मग अधिक जोरानं आला. "पडल्या आहेत," एकजण म्हणाला. "इशारा करून राहिल्या." शशिकांतरावांनी खांदा लावला, बाकीच्यांनी शशिकांतरावांना लावला, आणि कडी भिंतीतून उखडून सगळं मंडळ आत कोसळलं.

बेबीताई देवासमोर पाटावर बसल्या होत्या. पूजा पुरी होईपर्यंत त्या बोलत नसत, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. हेमचंद्रांना तो चांगला ठाऊक होता, पण त्या क्षणी आठवला नव्हता. ताईंच्या हातात पळी होती आणि समोर तांब्या. 'थांबा' हे सांगायला त्या तांब्यावर पळी आपटत होत्या. त्यांनी मान वळवून सर्वांकडे एकदा बघितलं, अध्यक्षांच्या बुटांकडे जास्त वेळ बघितलं, आणि पुन्हा चंदन उगाळायला घेतलं. मंडळ बूट हातात घेऊन उभं राहिलं. अभिषेक झाला, फुलं वाहून झाली, नैवेद्य झाला. कुणाची हलायची हिंमत झाली नाही. शेवटी प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवल्यावर ताईंनी तोंड उघडलं.

"कडी कोण बसवून देणार?"

"ताई," हेमचंद्रांनी खडीसाखर मुठीत धरूनच विचारलं, "बटण काहून नाही दाबलंस?"

"नाही कसं? चांगलं दाबलं. दोनदा दाबलं!" त्यांनी फोन आणला आणि सर्वांदेखत करून दाखवलं. अ‍ॅप उघडलं. वर श्री होता. "देवाला काहून दाबू? मग हे तुमच्या मंडळाचं नाव. त्याच्याखाली हे एकच गोल होतं." आणि त्यांनी शशिकांतरावांच्या फोटोवर, बरोबर नाकावर, अंगठा ठेवून दाबला. "मला वाटलं, यांना दाबलं की यांना कळतं."

खरे शशिकांतराव नाकाला हात लावून मागे सरले.

हेमचंद्रांनी फोन हातात घेतला. आदल्या संध्याकाळी ताईंनी तुळशीरामला सांगून फोनची सगळी अक्षरं मोठ्यात मोठी करून घेतली होती, कारण त्यांना लहान दिसत नसत. तेवढ्यानं श्री मोठा झाला, मंडळ मोठं झालं, शक दोन ओळींत गेला, आणि त्या लहानशा पडद्यावरची जागा तिथंच संपली. बोटानं पडदा वर सरकवल्यावर बटण आलं. सवयीनं त्यांनी पट्टी लावली. माप तंतोतंत होतं.

ताईंनी सकाळी उठून सांगितलं होतं की मी ठीक आहे, आणि ते कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. आणि ही कामगिरी स्वतः त्यांच्या हातची होती. त्यांना फार लाज वाटली.

जिना उतरताना शशिकांतराव म्हणाले, "पत्रक काढू. मेंबरांनी अक्षरं लहान ठेवावीत."

"लहान तिला दिसत नाहीत," हेमचंद्र म्हणाले.

"मग मोठा फोन घ्यावा."

"मोठा तिच्या हातात मावत नाही." ते जिन्यातच थांबले. "शशिकांतजी, पडदा बदलणार नाही, डोळे बदलणार नाहीत, आणि माझी बहीण तर मुळीच बदलणार नाही. ड्रॉइंग बदलेल."

पुढच्या बैठकीत त्यांनी नवा कागद ठेवला. त्यावर एकही माप नव्हतं. सगळा पडदा हेच बटण. काठापासून काठापर्यंत हिरवं, मधे 'ठीक आहे'. फोन लहान असो, टॅबलेट असो, ठिपके दाट असोत की विरळ, अक्षरं कितीही फुगोत, कुठेही अंगठा पडला की झालं. "आणि श्री?" कुणीतरी विचारलं. श्री उघडताना क्षणभर दिसणार होता. "आणि बाकी सगळं?" शशिकांतरावांनी फोटोचं नाव न घेता विचारलं. विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्याच संध्याकाळी हेमचंद्रांनी मंजुरीशिवाय नवं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर चालू करून टाकलं. विनासहीचं ड्रॉइंग कामाला लावण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. अवंतिका म्हणाली, "बाबा, अब यह हर फोन पे चलेगा." पद्मजाबाईंनी शिरा केला. शशिकांतराव सकाळी दुसऱ्या रस्त्यानं फिरायला जाऊ लागले, पण बटण दाबायचे मात्र न चुकता.

ताईंचं 'ठीक आहे' रोज यायला लागलं, पूजेच्याही आधी. फोन खिशात चिवचिवला की हेमचंद्र पेपर खाली ठेवून चहाचा दुसरा कप मागत. उन्हाळा संपत आला. ताईंची कडी बसवायची राहूनच गेली होती. दार नुसतं लोटलेलं असे.

मग एका सकाळी आलं नाही. ते नऊपर्यंत थांबले नाहीत. पद्मजाबाईंनी स्कूटरची किल्ली आधीच हातात धरली होती.

दार लोटलं तर ताई खिडकीपाशी बसल्या होत्या, फोन मांडीवर. पाट मांडलेला नव्हता.

"पडलीस?"

"नाही."

"फोन बिघडला?"

"नाही रे बाबा. हिरवं आहे ना सगळं."

"मग दाबलं काहून नाही?"

ताईंनी फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. "यात एकच आहे, ठीक आहे म्हणून. आज तसं वाटून नाही राहिलं. काही झालं नाही, दुखून नाही राहिलं. नुसतं ठीक नाही. मग खोटं कशाला दाबू?"

हेमचंद्रांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला. दुसरं बटण? कुठे घ्यायचं, वर की खाली? केवढं? आणि त्यावर लिहायचं काय? सगळ्या जातीच्या पडद्यांचा त्यांनी विचार केला होता, या सकाळचा मात्र कुणीच केला नव्हता. त्यांनी पट्टी तशीच खिशात राहू दिली आणि ताईंच्या समोर फरशीवर मांडी घातली.

नऊ वाजले. त्यांच्या खिशात घंटा वाजली आणि पाठोपाठ शशिकांतरावांचा फोन आला. "बोरगावकरजी! बेबीताई! आम्ही निघून राहिलो. दार तोडायचं आहे का?"

"दार उघडंच आहे."

"ठीक आहेत ना त्या?"

हेमचंद्रांनी ताईंकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "आज ठीक नाही तिला. पण येऊ नका. मी बसून आहे."

"अच्छा," शशिकांतराव पलीकडून हळूच म्हणाले. "बसा, बसा." आणि त्यांनी फोन ठेवला.

खालून तुळशीरामकडचा चहा आला. ताईंनी एका कपाचे दोन केले, मोठा भावाकडे सरकवला. मग त्या उखडलेल्या कडीचा विषय निघाला, त्यावरून अध्यक्षांच्या बुटांचा, त्यावरून नाकाचा, आणि ताई खोकला लागेपर्यंत हसल्या. पदरानं डोळे पुसून त्यांनी फोन घेतला, पडद्याच्या एका कोपऱ्यावर, जिथं आला तिथं, अंगठा ठेवला.

हेमचंद्रांच्या खिशात चिवचिवलं. ते समोरच बसले होते, तरी त्यांनी फोन काढून नीट वाचलं.